सात नंबरचं मडकं

खरवडवाडी, घोडेगावशेजारी
११ जानेवारी १९९८

कानिफनाथ यास,

तुझं पत्र भेटलं. सहा वर्सांनी आठवन झाली, ती बी कामापुरती. पाकिटावर पुण्याच्या संस्थेचा शिक्का बघून तुझी मामी म्हनली, कोर्टाची नोटीस दिसती. मी म्हनलो, न्हाई, भाच्याचं पत्र हाय. "मंग नोटीसच," म्हनली.

तू इचारलंय ते सरळ सांगतो. फापटपसारा मला जमत न्हाई. ७५ साली आपल्या पांढरीच्या टेकाडावर साहेबांनी खोदाई केली, तवा मजुरांचा मुकादम मी हुतो. चौदा गडी माझ्या हाताखाली. जुन्या घरांच्या जमिनीखाली लेकरांची मडकी निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठिवल्याली, आत हाडं. अशा तेरा जोड्या. साहेब म्हनायचे, तीन हजार वर्सांच्या वरची हायती. सात नंबरचं मडकं साहेबांनी सोता उघडलं, बारीक कुंचल्यानं. मी बाजूला उभा हुतो. कोनी हात लावला न्हाई, तोंड तर लांबच.

साहेब वारले म्हनून त्या खोदाईचा जबाबदार मानूस आता मीच उरलो, आन् माझ्या सहीचा कागद पायजे, असं तू लिहितो. कागद भरला. "उत्खननावेळी अवशेष कोणी उघड्या हाताने अथवा अन्य प्रकारे हाताळले काय?" त्याच्याम्होरं "न्हाई" लिहिलं आन् सही केली. सही हाय, अंगठा न्हाई. चौथी झाल्याली हाय माझी, हे तुमच्या सरांना सांग.

येक गोष्ट बोलतो. हाड कोनतं आन् दगड कोनता, हे त्या खोदाईत माझ्याइतकं बिनचूक कोनालाच कळत नव्हतं. पुण्याची शिकल्याली पोरं भिंग घिऊन बसायची, मी येका दमात सांगायचो. साहेबांनी तसं लिहून दिलंय, भिताडाला लावलंय. कसं कळायचं ते इचारू नको. कसब असतंय येकेकाचं.

माधुरी कर्जतला सुखात हाय. तू इचारलं न्हाई, मीच सांगतो. दोन लेकरं झाली. दोनी धडधाकट.

पुंजाराम येळवंडे


३ फेब्रुवारी १९९८

कानिफनाथ यास,

नगरच्या पेपरात तुझा फोटो आला. चष्मा लागला वाटतं. खाली लिहिलंय, तीन हजार वर्सांमागचं लेकरू आत्ताच्या इथल्याच मानसांच्या रक्ताचं निघालं. मंग काय, गावाला निमित्तच पायजे. सव्वीस जानेवारीला शाळेपुढं सरपंचानं मला उभं केलं, शाल दिली, नारळ दिला, म्हनला, "या पुंजारामअण्णांनी आपला पूर्वज उकरून काढला, तीन हजार वर्सं झाली आपन इथलेच हाय." टाळ्या झाल्या. टेकाडाजवळ पाटी लावली, निळ्या रंगानं.

छगन म्होरंच बसला हुता. छगन खोदाईत माझ्या हाताखाली हुता, आता मेंढरं राखतो. सगळा वेळ हसत हुता. मी इचारलं, का रं, काय झालं? म्हनला, "काय न्हाई मुकादम, शाल शोभती."

पेपरात असं दिलंय की मानसाच्या हाडात, दातात येक बारीक लिखान असतं. आईकडनं लेकराला जातं, बापाचं त्यात काय नसतं. सात नंबरच्या मडक्यातल्या लेकराचं लिखान तू काढलं आन् आत्ताच्या मानसांशी ताडून बघितलं. मानूस मूळचा कुठला, कुठनं कुठं गेला, हे त्याच्यावरनं कळतं म्हनत्यात. चांगलं हाय. काम बारीक दिसतंय.

तुला येक इचारतो. त्या हाडाला दुसऱ्या कोनाचं काय लागलं, समज घाम लागला, थुकी लागली, तर तुमच्या यंत्राला त्ये समजतं का? आन् लागल्यालं किती वर्सं टिकतं? बावीस-तेवीस वर्सं टिकंल का? सहज इचारतो. उत्तर न्हाई दिलं तरी चालंल. पन दे.

पुंजाराम


१ मार्च १९९८

कानिफ,

काल तुझी आई आल्ती. तिसगावहून पहिल्या एस्टीनं. सहा वर्सांत माझा उंबरा चढली नव्हती बनू. आली, पानी बी घेतलं न्हाई, उभ्यानंच बोलली.

"दादा, माझ्या पोराला तू काय लिहून दिलं?"

मी म्हनलो, बस तरी.

"बसायला न्हाई आले. त्याला कामावरनं घरी बसवलंय. त्या हाडात जे निघालं ते त्याचंच निघालं, सोताचं. तपासनाऱ्याचं. पुन्यात कोनीतरी त्याचं लिखान लावून बघितलं तर जसंच्या तसं. आता म्हनत्यात, ह्याचे हात तरी घान हुते, न्हाईतर ह्यानं मुद्दाम केलं. वीस मार्चला चौकशी हाय. ती झाली का नाव बी गेलं आन् नोकरी बी."

"मंग त्यात माझं काय?"

"तुझा कागद हाय म्होरं. मुकादम म्हनतो, खोदताना कोनीच हात लावला न्हाई. कोनीच न्हाई, मंग उरलं कोन? माझा पोरगा."

येवढं बोलून गेली. वाटंला लावायला निघालो तर म्हनली, रस्ता म्हाईत हाय मला.

तुझी मामी चुलीपासनं सगळं ऐकत हुती. म्हनली, "आता तरी सांगा." मी म्हनलो, काय सांगू? म्हनली, "मला काय इचारता? हाडं मी तोंडात घातली का?"

तो कागद मला परत पाठव. त्यात येक चूक हाय. काय चूक ते पाठवल्यावर सांगतो. लवकर पाठव.

पुंजाराम


६ मार्च १९९८

कानिफ,

कागद फाइलीला लागला, परत येत न्हाई म्हनतो. बरं. मंग हे पत्र त्याच कागदाच्या वर लाव.

मी खोटं लिहिलं.

हाड का दगड, हे कसं कळतं ते आता ऐक. जिभेला टेकवायचं. दगड निसटून जातो. जुनं हाड आतनं भुसभुशीत झाल्यालं असतं, ओल वढून घेतं, म्हनून जिभेला चिकटून बसतं. चिकटलं का हाड. येवढंच माझं कसब. खोदाई सुरू झाली तवा साहेबांनीच शिकवलं हुतं, गुरांच्या हाडांवर. बाकीच्यांना किळस यायची. मला आली न्हाई, म्हनून मी पटाईत झालो.

पन लेकरांची मडकी निघायला लागली तवा साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आन् सांगितलं, "हे कुणाचं तरी मूल आहे. ह्याला कुणी जीभ लावायची नाही." साहेब कवा आवाज चढवायचे न्हाईत. त्या दिशी चढवला.

सात नंबर उघडलं आन् साहेब तंबूत जेवायला गेले. सुपात सगळा चुरा पडल्याला. हाडाचे तुकडे, चुनखडीचे खडे, मुरूम, सगळं येकसारखं पांढरं. पुण्याची दोन पोरं भिंग घिऊन भांडत हुती, हे हाड, न्हाई हा खडा. छगन म्हनला, "मुकादमाला इचारा की. पन न्हाई, आज मुकादमाची जीभ बांधल्याली हाय, आज मुकादमाला काय कळत न्हाई." पोरं हसली.

मला ते लागलं. त्यांच्याकडं पाठ केली, मांडीवर सूप घेतलं आन् सगळं निवडून काढलं. येक येक तुकडा जिभेला. हाडं येकीकडं, खडे येकीकडं. दात बी हुते, दुधाचे, ज्वारीच्या दान्यायेवढे. ते बी टेकवले. साहेब परत आले, निवडल्यालं बघितलं, म्हनले, "नुसत्या नजरेनं निवडलंस पुंजाराम? शाबास." मी मान हलवली. भिताडावरचा कागद त्याच शाबासकीचा हाय. म्हंजे जानेवारीत मी पहिल्यांदा खोटं बोललो असं न्हाई. तेवीस वर्सं तेच बोलतोय.

छगन तिथंच हुता. म्हनून हसत हुता शाल बघून.

आता दुसरं. हाडातलं लिखान आन् तुझं लिखान येक कसं, हे येवढ्या शिकल्याल्या मानसांना सुटलं न्हाई याचं मला नवल वाटतं. मी काल बांधावर बसलो आन् काडीनं मातीत वळी वढल्या. वर माझी आई. आईपासनं मी आन् बनू. बनूपासनं तू. लिखान आईकडनं येतं म्हनता. मंग आईचं मला आलं, आईचंच बनूला आलं, बनूनं ते तुला दिलं. माझं आन् तुझं येकच झालं का न्हाई? तुझे हात घान नव्हते. त्या लेकराला लागलं ते माझं हाय. तुमी संस्थेतल्या झाडून सगळ्यांचं ताडून बघितलं आसंल. मामाचं कोन बघतो?

आन् मामा हाय हे तू तरी कसं सांगनार? मीच मोडलं हुतं. बनूच्या दारात पाच मानसांपुढं मी माधुरीसाठी नारळ घिऊन आल्तो. मामाची पोर भाच्याला, आपल्यात चालत आलंय. तू म्हनला, जवळचं रक्त हाय, लेकरं अधू निघू शकत्यात. मला ऐकू आलं ते येवढंच, का येळवंड्यांचं रक्त खराब हाय. नारळ तिथंच टाकला आन् म्हनलो, आजपासनं मी ह्याचा मामा न्हाई. तू काय सांगत हुता ते मला अजून बी सगळं पटत न्हाई. पन मामा न्हाई म्हननं माझ्या हातात नव्हतं, हे मातीतल्या वळी बघून कळलं.

हे पत्र तुमच्या सरांना दाखव. वाचून दाखवू नको, हातात दे. माझं अक्षर हाय, त्यांनी वाचावं.

पुंजाराम येळवंडे, मुकादम


१४ मार्च १९९८

कानिफ,

तुझ्या तीन वळी भेटल्या. सर म्हनत्यात, भाच्याला वाचवायला मामा काय बी लिहील. आन् दुसरं म्हनत्यात, मामाचं आन् भाच्याचं येकच आसंल तर हाडाला लागल्यालं मामाचं का भाच्याचं, हे यंत्र सांगू शकत न्हाई. माझी थुकी घिऊन तपासली तरी उपेग न्हाई. शेवटी तू लिहितो, "मामा, उशीर झाला."

उशीर झाला हे मला सांगू नको. त्ये मला म्हाईत हाय. मला इलाज सांगायचाय.

म्हैस दूध कमी द्यायला लागली. चाऱ्यानं कमी देती का धार काढनाऱ्याच्या हातानं, हे कसं बघायचं? दोन्ही येकदम बदलून कळत न्हाई. हात तोच ठिवायचा आन् चारा बदलायचा. येवढं तर घोडेगावच्या बाजारातल्या कुन्याबी गड्याला कळतं.

तसंच हे. हात तुझेच ठिवा. मडकं बदला.

अकरा आन् बारा नंबरच्या मडक्याला माझा हात लागल्याला न्हाई, जीभ बी न्हाई. त्याच साली फेब्रुवारीत आई गेली. दहा दिस मी सुतकात, टेकाडावर पाय ठिवला न्हाई. ती दोन मडकी छगननं काढली. परत आलो तवा बांधून, पेटीत घालून पुन्याला गेल्ती. माझं खोटं वाटत आसंल तर हजेरीचा मस्टर बघा. साहेब कागदाचा कपटा फेकायचे न्हाईत, मस्टर तुमच्याच संस्थेत आसंल. माझ्या नावाम्होरं दहा फुल्या दिसतील.

छगनकडं बी जाऊन आलो. मेंढरं घिऊन वढ्याकडं गेल्ता, उनात चालत गेलो. म्हनलो, छगन, खरं सांग, त्या दोन मडक्यातलं काय तोंडाला लावलं हुतं का? म्हनला, "मुकादम, दिसभर तंबाखू दाढंत. मला भाकर चिकटली तरी कळत न्हाई, हाड काय कळनार? माझ्या वाट्याला येईल ते मी सगळं हाडंच म्हनून द्यायचो." म्हनलो, हेच पुन्यात येऊन सांगशील का? म्हनला, "मेंढरं तुमी राखनार का?" पन कागदावर अंगठा दिला. सोबत जोडलाय.

तवा इलाज असा. अकरा आन् बारा त्या लोकांच्या देखत तू उघडायचं. तुझेच हात, तुझीच हत्यारं, तुझीच खोली. त्यात बी तुझं लिखान निघालं, तर हात तुझेच घान आन् मी गप बसतो. न्हाई निघालं, तर सात नंबरला लागलं ते माझं.

हे मला चार दिसांमागंच सुचलं हुतं. लिहिलं न्हाई. उलटं निघालं तर तुझ्यावर शेवटची माती मीच लोटली असं हुईल, ह्याच्यावर अडलो हुतो. तुझी मामी म्हनली, "न लिहून काय वाचतंय त्याचं?" म्हनून लिहितो.

तू येकदा सोताला इचार, हात साफ हायती का. मला उत्तर नको. साफ नसतील तर हे पत्र फाडून टाक, मी परत बोलनार न्हाई. साफ आसतील तर सरांच्या टेबलावर ठिव.

वीस तारखंला मी येतोय. बोलवा का नका बोलवू.

पुंजाराम


२३ मार्च १९९८

कानिफ,

वीस तारखंला तू भाईर बाकावर बसला हुता. मी बघितलं, तू बी बघितलं. बोललो न्हाई ते बरंच केलं, न्हाईतर म्हनले असते पढवून आनला. आत काय झालं ते तुला कोनी नीट सांगनार न्हाई, म्हनून लिहितो.

पाच जन हुते. तुमचे सर मधी. उजव्या बाजूला येक पिकल्या केसांची बाई, तीच जास्त बोलत हुती. मला खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हनलो, चहा मागनं, आधी इचारा.

बाई म्हनल्या, "आजोबा, तुम्ही ती हाडं चाटली?"

"चाटली न्हाई. टेकवली. चाटतं ते कुत्रं."

"किती तुकडे?"

"सात नंबरचे सगळे. नवाचे निम्मे."

"निम्मेच का?"

"साहेब आले."

कोपऱ्यातला येक जन हसला. बाई हसल्या न्हाईत. म्हनल्या, "जानेवारीत तुम्ही लिहून दिलंत की कुणीच हात लावला नाही. आता म्हणता लावला. मग आताचं तरी खरं कशावरून?"

मी म्हनलो, "जानेवारीचं खोटं मला शाल देऊन गेलं. आताचं खरं सांगून मला काय भेटनार? ज्या खोट्यात फायदा ते धरायचं का ज्या खऱ्यात तोटा ते, तुमी ठरवा."

"फायदा तुमच्या भाच्याला."

"भाच्याशी मी सहा वर्सं बोलत न्हाई. भाईर बसलाय, त्याला इचारा."

मंग तुमच्या सरांनी येक ताट आनवलं. आठ बारके तुकडे, कायतर गुरांची जुनी हाडं, कायतर खडे, येकदोन खापरं. सर म्हनले, एवढं येतं म्हणता तर ओळखा. मी डोळे मिटले. खोटं सांगत न्हाई कानिफ, त्या टायमाला तोंडच कोरडं पडलं. कोरड्या जिभेला काय चिकटत न्हाई. मंग मघाचा चहा मागून घेतला, गार झाल्याला, दोन घोट प्यालो. आन् लागलो.

सात बरोबर आले, येक चुकलो. खापराला हाड म्हनलो. वय झालं.

बाई ताटाकडं बघत हुत्या आन् मंग हळूच सरांना म्हनल्या, त्या वर्षातली पेटीतली सगळीच हाडं आता अशी धरावी लागतील. सरांचं तोंड उतरलं. तवा मला कळलं का मी नुसतं सात नंबरच खराब केलं न्हाई.

मस्टर निघाला. फुल्या दहाच हुत्या. बाईंनी दोनदा मोजल्या.

मंग येका पोरीनं हातमोजे घालून माझ्या गालाच्या आतनं बोळा फिरवला आन् नळीत घातला. नवा कागद भरून घेतला. त्यात रकाना हुता, संशोधकाशी नाते. सख्खा मामा, असं लिहिलं. बाई म्हनल्या, जानेवारीच्या कागदावर हा रकाना मोकळा का सोडलात? म्हनलो, तवा भांडन हुतं.

अकरा आन् बारा उघडायचं ठरलंय. त्यांच्या देखत, तुझ्या हातानं. दोन म्हैने लागतील म्हनत्यात. मला वाटलं हुतं दोन दिस. दोन म्हैने मानसानं काय करायचं? भाईर आलो तर तू बाकावर नव्हता. बनू हुती. तिनं डबा आनला हुता. दोघांनी एस्टी स्टँडावर खाल्ला. मेथीची भाजी खारट झाल्ती, मी बोललो न्हाई.

पुंजाराम


३१ मे १९९८

चि. कानिफ यास मामाचा आशीर्वाद.

पत्र काल भेटलं. मी फोडलं न्हाई. तुझ्या मामीला म्हनलो, तू फोड. म्हनली, मला वाचता येतं का? मंग मीच फोडलं. पहिली वळ वाचून खाली बसलो.

अकरा बी कोरं आन् बारा बी कोरं. तुझं न्हाई, छगनचं न्हाई, कोनाचंच काय न्हाई. तेच हात, तीच खोली, आन् कोरं. चौकशी मिटली, उद्या सोमवारपासनं तू कामावर. आईला लागलीच कळीव, मी पन कळवलंय, पन तिला तुझ्या तोंडनं ऐकू दे.

आता तुझ्या पत्राचं दुसरं पान. ते मी तीनदा वाचलं. कोरं निघालं म्हंजे तू सुटला, पन त्या लेकरांचं बी काय उरलं न्हाई. आपल्याकडच्या उनानं त्यांचं लिखान कवाच जळून गेलं आसंल, असं सर म्हनत्यात. आन् बाकीच्या पेट्यांवर चिठ्ठी लागली का मजुरांनी तोंड लावलं असल्यानं ह्या कामाला निरुपयोगी. तुझी तीन वर्सं गेली. तू लिहितो, मामा, तुमचा दोष नाही, तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. लिखानाचं कोनाला म्हाईत नव्हतं हे खरं. पन जीभ लावू नका हे साहेबांनी सांगितलं हुतं, आन् मी लावली. तेवढा दोष माझा राहू दे.

अहवालात "एका अशिक्षित मजुराने" असं लिहिलंय म्हनतो. ते बदल. चौथी झाल्याली हाय. आन् मजूर न्हाई, मुकादम. आन् मामा. ते न्हाई लिहिलं तर वाचनाऱ्याला कळनारच न्हाई का तुझं कसं जुळलं.

गावात मीच सांगितलं, पारावर, सगळे बसले असताना. पूर्वज उकरला म्हनून माझा सत्कार केला, तर त्यो पूर्वज मीच निघालो. छगन म्हनला, "दिसता बी तीन हजार वर्सांचे." दोन दिस गाव हसलं. शाल परत द्यायला गेलो तर सरपंच म्हनला, ठिवा अण्णा, थंडीत लागंल. पाटी काढली. भिताडावरचा कागद बी मी काढला, तुझी मामी म्हनली तिथं आता ओल दिसती, दुसरं कायतरी लावा.

आता कामाचं. तू इचारतो, त्या टेकाडात हात न लागल्यालं काय उरलं आसंल का.

हाय.

खोदाईच्या शेवटच्या दिशी, दोन खड्ड्यांच्या मधी जी मातीची भिंत राखून ठिवली हुती तिच्यात मला येका मडक्याचा काठ दिसला. नीट बघितलं तर दोन काठ, तोंडाला तोंड. साहेबांना हाक मारली. साहेब लई वेळ बघत बसले. मंग म्हनले, "हे राहू दे पुंजाराम. आपल्यापेक्षा जास्त कळणारं कुणीतरी पुढं येईल." आन् सोताच्या हातानं त्याच्यावर माती लिंपली. खड्डे बुजवले तवा ते तसंच आत गेलं. नकाशावर साहेबांनी दाखवलं का न्हाई मला म्हाईत न्हाई. मला जागा म्हाईत हाय. पाच हात खाली हाय, वर काळ्या मातीचा थर हाय, तिथं ऊन पोचत नसंल. तरी बी कोरंच निघंल कदाचित. तुला बी सांगता यायचं न्हाई, मला बी न्हाई.

तुझी सरकारी परवानगी काढ. दिवाळीनंतर ये, जमीन वाफशावर असती, ना चिखल ना कोरडी, भिंत ढासळत न्हाई. गडी मी बघतो, पन तंबाखू खानारा येक बी घेनार न्हाई, छगन रुसला तरी. हातमोजे लागतील तेवढे आन, इथं भेटत न्हाईत. मडकं कुठं हाय ते मी वरनं काठीनं दाखवीन, खाली उतरनार न्हाई. खाली तू उतर.

तोंडाला उपरनं बांधून उभा राहीन मी, बोलनार न्हाई. त्या दिसांत वारा उगवतीकडनं असतो, म्हनून खड्ड्याच्या मावळतीच्या कडंला उभा राहीन.

तुझा मामा,
पुंजाराम